मोटर नवी, वायर जुनी

म्हसावदमध्ये शीलाला सगळे 'व्हिडिओवाली' म्हणत. लग्नाचं शूटिंग दुसराच कोणी करायचा. त्या चित्रणाच्या ढिगातून बघण्याजोगी फिल्म काढायचं काम तिचं. रमिलाबाईंच्या मुलीच्या, भूमिकाच्या लग्नाची फिल्म अर्धी झाली होती आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय फट्ट करून गेला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत भूमिकाचे वडील वारले होते. त्यांचं हसणं-बोलणं आता शीलाच्या डिस्कमध्येच काय ते उरलं होतं. कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच पुसून पुढच्या लग्नाला गेलं होतं.

मग सुरू झाला सप्लाय निवडायचा छळ. शेतीपंपांची लाइन आली की गावात व्होल्टेज उड्या मारायचं, म्हणजे रद्दी माल चालणार नाही. कॅबिनेट एवढंसं, म्हणजे वायरींचा गुंता नको. लागतील तेवढ्याच वायरी जोडता येतील असा मॉड्युलरच हवा. पहिलाही तसाच होता. आणि वर परवडायला हवा! मोबाइलवर एक बाप्या छातीठोक सांगायचा हाच घ्या, दुसरा म्हणायचा याला हातही लावू नका. नंदुरबारचा दुकानदार तर वॅटचा आकडा मोठा दिसला की झालं, या मताचा. "मॅडम, वायरी निघोत नाहीतर चिकटोत, आत कोण बघतं?" तोच डबा त्याच्या डोक्यात घालावा असं शीलाला वाटलं.

घरी सासरे, हिलालनाना. त्यांचा उभा जन्म विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेलेला. तिनं बघायला आणलेला सप्लाय त्यांनी हातावर तोलला. "जड शे ना, मंग हाऊच ली ले. तांबं जास्ती व्हई."

"नाना, हाई काय भंगार शे का वजनवर लेवाले?" शीला करवादली.

शेवटी तिनं जुन्याहून वेगळ्याच कंपनीचा, बेताच्या किमतीचा पण लांबलचक गॅरंटीचा मॉड्युलर सप्लाय मागवला. आला तेव्हा हौसेनं नानांना दाखवलाही. "देखा, सगळ्या वायरी सुट्या निंघतस." नानांनी मान डोलावली. हीच हौस तिला भोवली.

ती गिरणीवर दळण आणायला गेली. सुनेचं काम खोळंबलंय म्हणून नानांनी जुना डबा सोडला आणि नवा बसवला. आतल्या जुन्या वायरी तिनं इतक्या नीट बांधलेल्या, त्या कशाला उसकटायच्या? त्यांनी त्याच नव्या डब्यात खोचल्या. बसल्याही फिट्ट. विहिरीवर तसंच तर करतात. मोटर बदलायची, खाली उतरलेली वायर कोण उपसतं? नव्या वायरींची पिशवी न फोडता त्यांनी फळीवर जपून ठेवली आणि बटण दाबलं.

शीला दारात आली तेव्हा सप्लायचा पंखा झकास फिरत होता आणि खोलीभर जळका वास होता. कंपन्या भोकं सारखी ठेवतात, आतली जोडणी मात्र ज्याची त्याच्या मनाची. डिस्कला जिथं पाच व्होल्ट जायचे तिथं बारा गेले होते.

"नाना, तुम्हीन मले इचारं बी नही?" शीला ओरडलीच. हातातलं पीठ तिथंच आपटावं इतका तिला संताप आला.

"मोटर बदलनी तरी वायर तीच ऱ्हास ना, बेटा?"

विहिरीवर ते खरं होतं, म्हणून तर तिचं डोकं आणखी फिरलं. डिस्कची कॉपी करू करू म्हणत आपणच दिवस ढकलले, याचीही चीड होती. तिनं ओळखीच्यांना फोन लावले; सुरतच्या एकाचं नाव कळलं, पण खात्री तोही देईना. तेवढ्यात फोन वाजला.

"झाई का वं फिल्लम?" रमिलाबाई विचारत होत्या.

"मावशी, काय झायं, लाइटच नही..." शीलानं थाप मारायला घेतली. नानांनी तिच्या हातातून फोनच काढून घेतला.

"रमिलाबाई, मी हिलाल. डिस्क मन्हा हातथीन जळनी. शीलाना काही दोष नही. सुरतले एक जण जळेल डिस्कमातून काढस म्हने, पन तो बी खातरी देत नही."

 मग रमिलाबाईंचा आवाज शेजारी उभ्या शीलालाही ऐकू आला.

"चेहरा नही दिखना तरी चाली, हिलालभाऊ. तेस्ना आवाज तरी निंघी का?"

नानांनी फोन शीलाच्या हातात दिला.