आईची तीन महिन्यांची साखर

माझी आई, रमाबाई, खोटं बोलत नाही. आणि त्याचाच यंदा आम्हाला भयंकर ताप झाला.

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, साखर उतरल्याशिवाय हात लावणार नाही. इकडे भाकरी करपली की तिला वासावरून कळायचं आणि जिना ती भिंत चाचपत उतरायची. मी डोंबिवलीला, ती ठाण्यात, किसननगरच्या चाळीत एकटी. "माझ्याकडे ये" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मला माझं घर आहे." बाबा गेल्यापासून हेच चाललंय.

रिपोर्ट तर डोकं फिरवणारा. उपाशीपोटीची साखर जवळपास बरी आणि तीन महिन्यांची सरासरी चढलेली. "एक कागद पास म्हणतो, दुसरा नापास. मशीन बिघडलंय त्यांचं," आई म्हणाली. मलाही पटलं. लॅबवाल्याशी मी फोनवर भांडले, दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला लावलं. तिथेही तेच.

शेवटी तिला मधुमेहाच्या डॉक्टर टान्यांकडे नेलं. तरुण बाई, पण घाई नाही. म्हणाल्या, "आजी, पहिला आकडा फक्त त्या सकाळचा. दुसरा गेल्या दोन-तीन महिन्यांचा. खाल्ल्यावर चढलेली साखरही त्यात येते. म्हणजे दोन्ही बरोबर असू शकतात. दिवसभरात काय खाता?"

"भाकरी-भाजी. भात मूठभर."

"गोड?"

"नाही."

"चहा?"

"दोन वेळा. बिनसाखरेचा."

मी मान डोलावली. रविवारी जाते तेव्हा तिचा कप मी चाखून पाहिलाय. तेवढी संशयी आहे मी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं करा, सकाळी उठल्यापासून सगळं सांगा. खाण्याचंच नाही, सगळं."

असं तिला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा. आई खुलली.

"उठते, पाणी भरते. मग आलं ठेचून चहा टाकते. वागळे इस्टेटला कारखान्यांत कामाला होतो ना आम्ही दोघं. मी औषधांच्या पॅकिंगला, हे लेथवर. पहिल्या पाळीच्या आधी दोन कप व्हायलाच पाहिजेत. ह्यांच्या कपात चार चमचे साखर. खिडकीत ठेवायचा. दाढी करता करता प्यायचे आणि म्हणायचे, 'रमा, आज जमलाय.' रोज हो! एकदा मीठ पडलेलं, तरी जमलाय!"

ती हसायला लागली. मीही हसले. दाढीच्या साबणाचा आणि आल्याचा तो वास, शेजारच्या सगुणामावशींची नळावरची भांडणं, चड्डीत धावणारा माझा भाऊ राकेश... केवढं गजबजलेलं घर होतं आमचं! तेव्हा मला ते लहान वाटायचं. आता माझ्या दोन खोल्यांत कुणी मोठ्याने हाकसुद्धा मारत नाही.

"आता त्यांच्या कपाचं काय करता?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"ठेवते ना खिडकीत. सकाळ-संध्याकाळ." खिडकीतला तो कप मीही रविवारी पाहिला होता, पण पुढे त्याचं काय होतं हे कधी विचारलं नव्हतं.

"मग?"

"मग निवला की पिते. टाकणार कसा?"

"आई!" मी ओरडलेच. "बिनसाखरेचा म्हणालीस ना तू?"

"माझा बिनसाखरेचाच आहे," आई शांतपणे म्हणाली. "तो ह्यांचा."

डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. म्हणाल्या, "फरक बहुतेक इथेच पडतोय. त्या कपातही साखर नका घालू, आजी."

"ह्यांना नाही चालत तसला."

"मग घाला साखर. पण तो तुम्ही पिऊ नका."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मोरीत ओतू?"

मलाच राहवलं नाही. "मी पिईन तो."

"तू रोज डोंबिवलीहून येणार?"

"नाही. तू चल तिकडे. तिथेही खिडकी आहे. रोज चार चमचे घाल, मी गुपचूप पिईन." भर दवाखान्यात रडायला लागले.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला मी कितपत दिसत होते कोण जाणे. मग म्हणाली, "तू आलं किसतेस. ते नाही चालायचं. खलबत्ता आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"मग आपला न्यावा लागेल," आई म्हणाली.