मुरूम लागेपर्यंत

आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात घर बांधायचं तर आधी भावकीला विचारायचं. मला त्यासाठी लांब जायचीही गरज नव्हती. माझे थोरले दीर घरं बांधायचे ठेके घेतात आणि समोरच्याच ओट्यावर बसलेले असतात. मी दर्शनी खोली पाडून नवं घर बांधणार, हे गल्लीत कळलं तसे ते चहाला आले. बशीत चहा ओतत म्हणाले, "सोमवारी मानसं लावतो."

मी म्हटलं, "भाऊजी, मानसं लावू नका. काम मी तुम्हाला देणार नाही. शिकलेला इंजिनियर बघणार आहे."

भाऊजींनी बशी खाली ठेवली. धाकट्या भावजयीनं, म्हणजे मी, आजवर त्यांच्या तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं.

पाडायची ती खोलीही त्यांनीच बांधलेली. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि त्या खोलीची भिंत तिच्याबरोबर उघडमीट करायची. मे महिन्यात भेगेत माझी बोटं जायची. दर दिवाळीच्या आधी भाऊजी थापी घेऊन यायचे, सिमेंट लिंपायचे, वरून चुना. माझे यजमान कौतुकानं शिडी धरायचे. मग कुणीतरी वास्तुदोषाचं काढलं. शांत केली, दाराला लिंबू-मिरच्या टांगल्या. भेगेला त्याचं काय सोयरसुतक! पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आ वासून हजर. यजमान गेल्यावर मी त्या खोलीत एकटी झोपायचे, तेव्हा डोळा लागेपर्यंत तिच्याकडेच बघत पडायचे. अंगणवाडीची नोकरी संपली त्या दिवशी ठरवलं, आता उरलेलं आयुष्य असल्या भिंतीखाली काढायचं नाही. बास झालं.

"आमी मेलो का?" भाऊजी म्हणाले. "घरचा मानूस सोडून भाईरचा आननार?"

"भाऊजी, घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना तुम्ही दात बघता, कास बघता, चार पावलं चालवून बघता. पाहुण्याची म्हैस असली तरी बघता. मग घर बांधणारा नुसता नात्यातला म्हणून घेऊ?"

ते उठलेच. दारात वळून म्हणाले, "लावा तुमचा डिग्रीवाला. पन ध्यानात ठिवा बाई, त्या घराचा उंबरा भावकीतला एक मानूस वलांडनार न्हाई."

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? लेक लांब दिलेली, मी एकटी. भावकीनं टाकलेल्या बाईच्या दारी सणासुदीला कुत्रं फिरकत नाही, हे मी या गावात पाहिलंय. आजारी पडले तर पाणी कोण देणार? रात्रभर कूस बदलली. सकाळी उठून श्रीरामपूरची बस पकडली.

तिथं एक शिकलेला कंत्राटदार होता, सिव्हिल इंजिनियर. बोलायला एकदम कंजूस. दहा प्रश्न विचारले की एक उत्तर. शेवटी त्यानं बांधलेल्या घराचा पत्ता तेवढा काढून घेतला आणि त्याला न सांगता थेट त्या घराची कडी वाजवली. बाईनं दार उघडलं. मी विचारलं, "ताई, भिंत फुटली का हो तुमची?" तिला वाटलं मी काही विकायला आलेय. पण कळल्यावर बिचारीनं घरभर फिरवलं, फ्रीजसुद्धा सरकवून मागची भिंत दाखवली. घरावरून सहा पावसाळे निघून गेले होते आणि भिंतीला केसाएवढी चीर नव्हती. त्याच पावली परत येऊन काम त्याला दिलं.

तो आमच्याकडे आला तो भेगेकडे बघेचना. खोलीच्या मागं गेला. तिथं मोरीचं पाणी वाया जायला नको म्हणून भिंतीला लागून अळू लावलेलं. आमच्या गल्लीत घरोघरी तसंच असतं.

"हे अळू कुणाचं?"

"माझं. वड्या खाणार का?"

"आधी हे काढा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अळू उपटायला मी इंजिनियर आणलाय काय? मग पहिल्यांदाच तो चार वाक्यं सलग बोलला. काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि ते पाणी आम्ही बारा महिने तिला भिंतीच्या मुळाशी पाजत होतो. शिवाय पाया त्या मातीतच बसलेला, खाली मुरमापर्यंत गेलेलाच नाही. भाऊजींचा हिशोब मला ठाऊक होता. कमरेएवढा खड्डा झाला की 'बास' म्हणायचं. संध्याकाळी मीच चरफडत अळू उपटलं आणि मोरीचं पाणी पाइपानं लांब काढलं.

जुनी खोली पाडून झाल्यावर पायाच्या पूजेचं आमंत्रण द्यायला मी भाऊजींच्या घरी गेले होते. भावकीतल्या थोरल्यानं पहिली कुदळ मारायची, ही आमच्याकडची रीत. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पूजेच्या सकाळी मात्र धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले. कळलं मला. आता मी सगळ्या गल्लीसमोर हात जोडायचे, काम तुम्हीच घ्या म्हणायचं, मग ते येणार.

गुरुजींनी विचारलं, "कुदळ कोण मारणार? घरातलं पुरुष माणूस?"

"घरातलं माणूस मीच."

"तसं नव्हे बाई. सवाष्णीनं तरी..."

"गुरुजी, फुटक्या भिंतीखाली झोपायला मी चालले. कुदळ मारायला चालत नाही होय?"

गुरुजींनी कुदळीला हळद-कुंकू लावलं. मी पदर खोचला आणि हाणली. अशी हाणली, की हाताला झिणझिण्या आल्या. भाऊजी उठून आत गेले.

खड्डे कमरेच्या खाली गेले, डोक्याच्याही खाली गेले. गल्लीतले बघायला यायचे. "बाई, हीर खांदताय व्हय?" मी म्हणायचे, "व्हय, पानी लागलं तर आधी तुम्हालाच पाजते." आणि एका दुपारी खाली पिवळट, टणक मुरूम लागला. मी शिडीनं उतरले, अनवाणी त्यावर उभी राहिले, टाच आपटून पाहिली. हलेना. मला रडूच आलं.

चौकट बसवायच्या दिवशी भावकीतलं कुणी आलं नाही. बोलावलं होतं प्रत्येकाला, दारोदार जाऊन. मांडलेले पाट रिकामेच राहिले, पण नारळ मी फोडला. उंबऱ्याला कुंकू लावलं. मग खोबरं-साखरेची ताटली घेऊन सरळ रस्ता ओलांडला.

भाऊजी ओट्यावरच होते. मी ताटली पुढं धरली.

"प्रसाद घ्या. आणि भावकीला सांगा, उंबरा बसला. यायचं त्यांनी यावं, नाही यायचं त्यांनी येऊ नये. उंबरा माझा आहे, मी रोज ओलांडणार आहे."

त्यांनी खोबऱ्याचा एक तुकडा उचलला. तोंडात टाकला नाही. हातातच धरून, माझ्याकडे न बघता विचारलं,

"पायाला किती खोल गेले वो बाई?"

"मुरूम लागेपर्यंत," मी म्हटलं, आणि माझ्या घरी गेले.