घाटातली काळी रास्पबेरी

घाणेरीचं पान चुरगळलं, की त्या उग्र वासासरशी मला महाबळेश्वरचा घाट आठवतो. लग्नानंतर सासू-सासऱ्यांबरोबर माहेराहून सासरी इस्लामपूरला परतताना गाडी थांबली आणि मी काटेरी जाळीतली रानरास्पबेरी तोडली. "टाक ती. घाणेरी हाय, विषारी," फौजेतून निवृत्त झालेले सासरे म्हणाले. "आवं मामा, घाणेरीच्या फळात टणक बी असती. ही बघा, टोपीगत पोकळ हाय," म्हणत मी ती त्यांच्यासमोरच खाल्ली. सासऱ्यांच्या आधी सुनेनं खाल्लं म्हणून सासूबाईंनी तोंड फिरवलं. सासरे मात्र वाटभर गाडीच्या आरशातून मला न्याहाळत होते, ही मरते की काय म्हणून. घरी पोचल्यावर मी विचारलं, "भाकरी किती टाकू?" आजही रानातलं फळ घरात आलं, की आधी मीच खाते.