दोरी एडाच्या हातात

२१ ऑक्टोबर १९२२. लढाईत गेलेल्यांच्या ब्राँझच्या पुतळ्यासाठी लँकेशायरमधल्या आमच्या शहराने जमवलेली वर्गणी त्या दिवशी दोन हजार एकशे चौदा पौंड सहा शिलिंगांवर थांबली. त्यातले पाचशे एकट्या थॉर्नबरसाहेबांचे, कापडगिरणीच्या मालकांचे.

अनावरण मात्र एडा एन्टविसलने करायचं ठरलं. त्या काळी रीतच होती, ज्या आईचे सर्वांत जास्त मुलगे गेले, दोरी तिने ओढायची. एडाचे तिघे गेले होते.

एडा थॉर्नबरच्याच गिरणीत चार माग चालवायची. चौदा साली गिरणीच्या फाटकाशी गाडीवर उभं राहून साहेबांनी शब्द दिला होता, भरती होणाऱ्यांच्या घराला हात लागणार नाही. घरं गिरणीची, आणि घरटी चार जण कामाला हवेत हा गिरणीचा नियम. तिसऱ्या मुलाची तार आली आणि पुढच्याच महिन्यात मुकादम दारात उभा राहिला. माणसं कमी पडतात, घर रिकामं करा. तेव्हापासून एडा बहिणीच्या मागच्या खोलीत डूख धरून बसली होती.

पुतळ्याच्या समितीला ती लगेच हो म्हणाली, तेव्हा बहीण नेलीला धडकी भरली. "तू एवढी गरीब गाय कधीपासून झालीस? काय करणार आहेस तिथं?"

"दोरी ओढणार."

"आणि तोंड?"

"तोंडातून आवाज काढणार नाही. झालं?"

अनावरणाच्या रविवारी चौक गच्च भरला. पुरुषांनी टोप्या काढल्या. प्रार्थना संपली, व्यासपीठावर थॉर्नबरसाहेबांशेजारी उभ्या महापौरांनी खूण केली. एडाने दोरी धरली आणि तशीच उभी राहिली.

मागांच्या खडखडाटात कानाला काही लागत नाही, म्हणून आमच्या विणकर बायका ओठांनी बोलतात. खोलीच्या त्या टोकाचीही समोरचीचे ओठ वाचते. एडाने चौकाकडे तोंड करून तसेच ओठ हलवले. थॉर्नबरने शब्द दिला, आणि माझी पोरं मेल्यावर मला घराबाहेर काढलं. तो खाली उतरेपर्यंत दोरी ओढणार नाही.

पुढच्या बायकांनी ते वाचलं, नवऱ्यांच्या कानात सांगितलं. एकेक करत पुरुषांनी टोप्या परत डोक्यावर चढवल्या.

"दोरी अडकली का?" थॉर्नबरने विचारलं.

महापौरांची आई विणकर होती. ते हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही उतरल्याशिवाय ती ओढणार नाही."

"कोण म्हणतं? मी तर काही ऐकलं नाही."

"चौकाने ऐकलंय."

थॉर्नबरने गर्दीकडे पाहिलं. मग रेशमी हॅट उचलून तो पायऱ्या उतरला. लोकांनी वाट दिली, पण जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत एडाने त्याच्यावरची नजर काढली नाही. मग दोरी ओढली. पडदा सरकला, बंदूक उलटी धरून मान खाली घातलेला ब्राँझचा शिपाई दिसला आणि टोप्या पुन्हा निघाल्या.

सोमवारी तिच्या मागांवर दुसरी बाई उभी होती. पुढे रस्ता रुंद करताना पुतळा बागेत नेला, गिरणीही पाडली. एडाची शेवटच्या आठवड्याची मजुरी, एक पौंड अकरा शिलिंग चार पेन्स, गिरणीने दिली नाही. ती अजून येणं आहे.