समोरच्या पाळण्यातलं वजन

नागभीडच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसायची हौस माझ्या आईची. जन्म धानाच्या बांधावर गेला, आता एकदा वरून बघायचं म्हणाली. भर दुपार होती, गर्दी नव्हती. चालकाने आम्हा मायलेकींना एका पाळण्यात बसवलं आणि बरोबर समोरच्या पाळण्यात एक मुसलमान जोडपं. ते गृहस्थ जत्रेतच बांगड्यांचं दुकान लावून होते. बाकी पाळणे रिकामे.

आमचा पाळणा अगदी माथ्यावर पोचला आणि जनरेटर बंद पडला. पाळणा थोडा डुलला, मग थांबला. खाली चालक जनरेटरची दोरी ओढून ओढून दमला.

पत्रा तापलेला. गुडघे समोरच्या फळीला टेकलेले, दाराला बाहेरून खिटी.

"मले लघवीले जायचं हाय," आई हळूच म्हणाली. तिला साखरेचा आजार. मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात चालक खालच्या जोडप्याला म्हणाला, "तुम्ही उतरून घ्या भाऊ, वेळ लागते."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. खालचं वजन गेलं की सगळा भार माथ्यावर, आणि माथ्यावरचा भार जरा कलला की चाक गरकन फिरणार. त्याला धरून ठेवायला एकच ब्रेकचा पट्टा, तोही झिजून गुळगुळीत झालेला. चढतानाच मी पाहिला होता.

"भाऊ, उतरू नका!" मी ओरडले.

"काऊन?" त्यांनी मान वर केली. एक पाय जमिनीवर टेकला होता.

"तुम्ही उतरलात तर आम्ही खाली येऊन आदळू! तुमच्या वजनानं चाक थांबलं आहे!"

ते तसेच राहिले. वरून मला त्यांची टोपी आणि तो पाय एवढंच दिसत होतं. मग त्यांनी पाय आत घेतला.

जनरेटर काही सुरू झाला नाही. आईने डोळे मिटून घेतले होते. शेवटी मीच वरून चालकाला सांगितलं, दोन्हीकडे वजन सारखं आहे, हातानं फिरवा. आजूबाजूचे दुकानदार धावून आले. चाक कुरकुरत, इंच इंच सरकू लागलं. आम्ही खाली येत होतो तसं ते जोडपं वर जात होतं. मधे एकाच उंचीवर आलो तेव्हा त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मला नजर देता आली नाही.

"आता ते वर अडकले ना," आई म्हणाली.

भजीवाल्याकडे बटाट्याची पोती होती. मी ती मागवली. आई उतरली, तिच्या जागी एक पोतं. मी उतरले, दुसरं पोतं. आई दुकानांमागे पळाली. मी इतरांबरोबर चाकाच्या कडेला हात लावला आणि आम्ही बटाटे वर चढवून त्या दोघांना खाली आणलं.

"तुमचे उपकार झाले भाऊ," मी म्हणाले.

ते कपाळ पुसत हसले. "मी तं उतरूनच राह्यलो होतो बाई. तुमचं बोलणं मले समजलंच नाई. हिनं बाही धरली, सोडलीच नाई."

त्या बाई तोवर आपल्या दुकानाकडे चालू लागल्या होत्या.