उशिरा आलेला पाहुणा

दगड हाती आला की मेस्त्री तो पंचाने पुसत आणि चक्क जिभेला लावत. मग म्हणत, "साहेबानू, दगडाक इचारा, कागदाक नको." दगड चाटणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी डिचोलीच्या खाणीवर रोज पाहत होतो.

मेस्त्री सावंतवाडीकडचे, ड्रिल चालवायचे. मी भूशास्त्र शिकून नुकताच लागलेला, नोकरी अजून कच्ची. कॅन्टीनमध्ये तेव्हा गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून टेबलं हादरत. मेस्त्री चहात पावाचा उंडो बुडवत म्हणत, "भांडा, भांडा. चाय निवता थंय."

एकदा लाल खनिजाच्या थरांखाली काळा दगड लागला. मी ऐटीत जाहीर केलं, "तळ लागला. खनिज संपलं." दुपारी मॅनेजर येणार, मशीन हलवायला सांगणार. माझं चुकलं असतं तर चंबूगबाळं आवरावं लागलं असतं.

मेस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "साहेबानू, ह्यो काळो तळ न्हय, पावणो. खालसून तापलेलो रस भेगेतसून वर इलो, दोन थरांत फट गावली, थंयच आडवो पसारलो. पंगतीत उशिरा इल्लो घुसता तसो."

"कशावरून?"

"वयलो लाल दगड बघा, भाजलो हा. तळ असतो तर तो आधीचो, थंड झाल्लो. तो वयल्याक कसो भाजतलो? ह्यो मागसून इलो. खाली परत लालच गावतलो."

अहो, हेच मी परीक्षेत लिहून आलो होतो! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅनेजर आले. मी तोंड उघडण्याआधी मेस्त्रीच बोलले, "साहेब म्हणतत, अजून खाली जावया."

चार दिवसांनी काळा दगड संपला आणि ड्रिलच्या नळीतून लाल दगड निघाला. पाठ माझी थोपटली गेली, नोकरीही पक्की झाली. मी गप्प बसलो. मेस्त्री तिथेच पंचा झटकत उभे होते.

पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले. माझ्या घरात शिजलेल्या प्रत्येक भातावर त्यांचा उपकार आहे, हे त्यांना सांगायला मला फार वर्षं लागली. गेलो तेव्हा भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

"तुम्हीच ते साहेब?" त्यांच्या पत्नीने विचारलं. "आमच्या साहेबान काळो दगड वळाखल्यान, असा हे सगळ्यांका सांगीत."

घरीसुद्धा!

"नाही हो वहिनी," मी म्हणालो, "ओळखला तो यांनी. मी तळ म्हणून बसलो होतो. नोकरी वाचवली यांनी माझी."

 त्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "आयकलात? साहेब इलेत. उशिरा इलेत, पण इलेत."