सराव पाठांची सहावी

मास्तर होणाऱ्यांचे किस्से माझ्या दुकानात थर्माकोलच्या कातरणांसारखे साचतात. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच!

मेहकरच्या रस्त्याला एका बी.एड. कॉलेजसमोर मी चार्ट आणि मॉडेल बनवून देतो. शाळा आठवीतच सुटली. त्यामुळे चांगला शिक्षक कसा असावा, हे मी गिऱ्हाइकांकडूनच शिकतो.

गजाननला चार्ट हवा होता: ‘शिक्षकाचा पहिला गुण – संयम’. मी ‘संयम’मधला ‘स’ रंगवत होतो, तेवढ्यात त्याने काउंटरवर हात आपटला.

“काऊन बे, एका शब्दाले इतका वेळ!”

*

आवाज शेवटच्या बाकापर्यंत जावा, असं कॉलेजात शिकवतात. गजाननने महिनाभर शेतात ओरडून सराव केला. पाठाच्या दिवशी त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर आलं शेजारच्या वर्गातून!

*

नजर सगळ्या वर्गावर फिरली पाहिजे, हाही नियम. इम्रानभाईंनी मान टेबलफॅनसारखी फिरती ठेवली. शेवटी कोपऱ्यातली पोरगी म्हणाली, “सर, आमच्याकडं फिरले की थांबत जा ना थोडं. उत्तर सांगाचं राहून जाते!”

*

सुषमाताई मागच्या वर्षी अंतिम पाठात नापास झाल्या. यंदाही तसंच झालं तर शिक्षण बंद, असं घरच्यांनी सांगून टाकलेलं.

पाठ होता सहावीच्या वर्गात, झाडाच्या पानांवर. वर्गात खिळा नव्हता, म्हणून चार्ट पोचवायला गेलेला मीच तो धरून उभा राहिलो.

ही सहावी म्हणजे सराव पाठांची नेहमीचं गिऱ्हाईक. कुठे हात वर करायचा, कुठे शिक्षकाचे मार्क कटतात, पोरांना सगळं ठाऊक. ताईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तरं येऊ लागली.

बाहेरून आलेले परीक्षक उठले. “हे सगळं पढवून आणलेलं दिसतं, मॅडम. आता मी विचारतो.”

ताईंच्या हातातला खडू मोडला.

“झाडाची सगळी पानं तोडली तर काय होईल?”

पहिल्या बाकावरची सानिया उठली. “झाड उपाशी राहीन, सर. सयपाक पानातच होते ना त्याचा!”

परीक्षक तिच्याकडे नुसतेच बघत राहिले. सानियाने थोडी वाट पाहिली. मग वाकून, हळूच म्हणाली,

“सर, शाब्बास म्हना लागते. नाही तं मार्क कटते.”

परीक्षक सुषमाताईंकडे वळले.

“शाब्बास!”